दासगावच्या बैलजोडीला ब्रेक नव्हता

चार माणसं दर रविवारी एकाच होडीत बसू लागली की किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. होडीच्या तळाशी पाणी साचतं तसे ते साचतात. कुठून आलं कळत नाही आणि कितीही उपसलं तरी थोडं राहतंच. आमच्या चौघांपैकी आता मी एकटाच महाडात उरलो आहे, त्यामुळे उपसायचं काम माझ्याकडे आलंय.

आधीच सांगून टाकतो, मी घाबरट माणूस आहे. फिजिक्समध्ये डॉक्टरेट केली, महाडच्या कॉलेजात जन्मभर शिकवलं, पण कुठलंही वाक्य बोलून झालं की मागून वाटतं, हे नक्की असंच होतं ना? किस्सा सांगताना तर फारच. तेव्हा वाऱ्याची दिशा जरा इकडची तिकडे झाली तर सांभाळून घ्या. दासगावचा धक्का मात्र जिथे होता तिथेच होता. त्याबद्दल माझी पक्की खात्री आहे, कारण आम्ही तो अनेकदा आपटून पाहिला आहे!

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. दासगावात दवाखाना चालवणारे आमचे डॉक्टर बिवलकर तरुणपणी शिकायला विलायतेत होते. तिथे त्यांनी कॅटमरान पाहिली होती. म्हणजे जोडहोडी. दोन अरुंद होड्या, त्यांना जोडणारे आडवे दांडे, वर फळ्यांची बैठक, एक डोलकाठी आणि एक भलंमोठं शीड. पत्नी गेल्यावर डॉक्टर एकटे पडले. मुलगा मुंबईला. तेव्हा त्यांनी महाडच्या एका सुताराकडून प्लायवूडची तशी होडी करून घेतली आणि दासगावला सावित्रीच्या खाडीत उतरवली.

सोबतीला आम्ही तिघं. एक मी. दुसरे पोलादपूरचे जाधव गुरुजी. प्राथमिक शाळेत शिक्षक, आणि आवाज असा की कुठल्याही सभेत लोक त्यांनाच अध्यक्ष करत. तिसरे मोरे फोरमन. पोलादपूरच्या वर डोंगरातल्या वाडीत गुराढोरांत वाढलेले, आता एसटीच्या वर्कशॉपमध्ये. त्यांना पोहता येत नसे, पण येतं का असं कुणी विचारलंही नव्हतं.

धक्क्यावर काशीबाय मासळी विकायला बसायची. पहिल्याच दिवशी तिने जोडहोडीकडे नीट पाहिलं, दोन होड्यांवरचा आडवा दांडा पाहिला, आणि नाव ठेवून टाकलं, "बैलजोडी!" डॉक्टरांनी विलायतेतलं एक सुंदर नाव ठरवलं होतं. ते पुन्हा कुणी उच्चारलं नाही.

* * *

पहिल्या रविवारी सकाळी ओहोटीबरोबर खाली गेलो. जाताना काही करावं लागत नाही, खाडीच नेते. दुपारी परत फिरलो तेव्हा भरती लागलेली आणि पश्चिमेचा वारा बरोबर पाठीशी. शीड फुगलं आणि होडी जी सुटली! डॉक्टर सुकाणू धरून चक्क गात होते.

धक्का दिसू लागला. मोरे फोरमननी अगदी सहज विचारलं, "सर, हिला ब्रेक कुठं हाय?"

मी हसलो. शिडाची दोरी माझ्या हातात होती. म्हटलं, "होडीला ब्रेक नसतो, मोरे. ही दोरी सैल सोडली की शिडातला वारा निघून जातो आणि होडी आपोआप थांबते."

"सोडा मंग."

मी सोडली. शीड बाजूला गेलं, डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारेवर रेललं, आणि तिथेच फुगून बसलं. होडी जराही हळू झाली नाही.

"सोडलीत का?"

"सोडली!"

"आख्खी?"

"अहो, दोरी माझ्या हातातच नाहीये!"

धक्क्यावरून काशीबायची हाक आली, "सरका गो, सरका! बैलं सुटली!"

कुणीतरी वाळत घातलेलं जाळं, काशीबायची बोंबलाची पाटी आणि धक्क्याची कड, या क्रमाने आम्ही काठाला लागलो. मोरे उठून उभे राहिले तेव्हा जाळं त्यांच्या गळ्यात हारासारखं पडलं होतं. खांद्यावरचा बोंबील काढून त्यांनी शांतपणे काशीबायच्या हातात दिला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, तुमचा ब्रेक फेल हाय."

* * *

मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. मग चूक सापडली. वारा समोरून किंवा बाजूने असेल तर दोरी सोडल्यावर शीड रिकामं होतं. पाठीमागून असेल तर ते तारेला टेकून भरलेलंच राहतं, आणि होडीला ओढत राहतं. उपाय दोनच. एक, होडी वळवून तोंड वाऱ्याकडे करायचं. पण जोडहोडी वळायला महाआळशी, आणि धक्क्यापाशी रेतीच्या होड्या उभ्या असत, तिथे वळायला जागा नव्हती. राहिला दुसरा. काठ येण्याआधी शीड खाली उतरवायचं. आधी म्हणजे किती आधी, एवढाच प्रश्न.

शनिवारी तिघांना कॉलेजात बोलावलं आणि रिकाम्या वर्गात फळ्यावर सगळं काढून दाखवलं. वाऱ्याचा बाण, भरतीचा बाण, शिडावरचा दाब, होडीचा वेग. फळा भरला. मला स्वतःलाच फार बरं वाटलं. असं बरं वाटलं की मला लगेच शंका येते, पण त्या दिवशी आली नाही.

गुरुजींनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला. "सर, एक शंका आहे."

"विचारा ना."

"या एवढ्या बाणांमध्ये काशीबाय कुठे बसली आहे?"

मी फळा पुसला.

* * *

पुढच्या वेळी डॉक्टर म्हणाले, "आज मी अजिबात धोका पत्करणार नाही." आणि धक्का दूर बोटाएवढा दिसत असतानाच त्यांनी उठून शीड उतरवलं. कुणाला विचारलं नाही.

पण आम्हाला परतायला उशीर झाला होता आणि पाणी उलटलं होतं. शीड नाही, वल्हंही नाही. ("शिडाच्या होडीत वल्हं ठेवणं म्हणजे मोटारीला बैल जुंपणं," असं डॉक्टरांचं मत होतं!) ओहोटीने आम्हाला अलगद बाजूला नेलं आणि चिखलात बसवलं. उतरून चालत जावं तर चिखल कमरेपर्यंत. धक्का समोर, माणसं ओळखू येत होती, आणि आम्ही पुढच्या भरतीची वाट बघत बसलो.

आम्हाला बघायला धक्क्यावर बरीच मंडळी जमली. त्यांच्यातून एक गृहस्थ पुढे आले आणि ओरडले, "डॉक्टर, मी दवाखान्यात जाऊन आलो! बंद हाय!"

"आज रविवार आहे!"

"दुखनं रविवार बघत नाय!"

"काय होतंय?"

गृहस्थांनी मागच्या गर्दीकडे पाहिलं. "तेच! मागचंच!"

"ऐकू येत नाही! मोठ्याने बोला!"

ते काही बोलेनात. शेवटी काशीबायला दया आली. तिने तोंडापुढे हात धरला आणि मासळी विकायच्या आवाजात हाक दिली, "डॉक्टर! त्येला मूळव्याध हाय! बसता येत नाय!"

मग डॉक्टरांनी चिखलातून औषध सांगितलं, पथ्य सांगितलं. त्यांचा आवाज पोचेना, म्हणून गुरुजींनी प्रत्येक वाक्य शुद्धलेखन घालावं तसं दोनदा सांगितलं. "तिखट, बंद! तिखट... बंद!" अख्ख्या दासगावने पथ्य ऐकलं. गृहस्थ मान खाली घालून निघून गेले.

सोमवारी दवाखान्यात आणखी तिघं आले. म्हणाले, "डॉक्टर, त्ये चिखलातलं औषध आमाला पन द्या."

* * *

तेव्हापासून नियम झाला. शीड कुणी एकट्याने उतरवायचं नाही. ठरावानेच उतरवायचं, आणि तोही एकमताने. आज हे वेडेपणाचं वाटेल, पण तेव्हा वाडीवाडीला एक सोसायटी आणि प्रत्येक सोसायटीला एक कमिटी असे. ठरावाशिवाय विहिरीत बादलीही कुणी सोडत नसे. अध्यक्ष अर्थातच गुरुजी.

त्या दुपारी वारा जोराचा होता.

डॉक्टर म्हणाले, "मी ठराव मांडतो की शीड आता उतरवावं."

"अनुमोदन?"

मी म्हटलं, "अनुमोदन देतो. पण 'आता' ऐवजी 'त्या दुसऱ्या रेतीच्या होडीपाशी' अशी दुरुस्ती सुचवतो. मागच्यासारखं चिखलात..."

"दुरुस्तीला अनुमोदन?"

"दुसरी कंची?" मोरे म्हणाले. "रंगाची का बिनरंगाची?"

"बिनरंगाची."

"ती गेली की मागं!"

"मग मूळ ठरावावर चर्चा," गुरुजी म्हणाले.

मोरे कासावीस झाले. "गुरुजी, वरंध्याच्या घाटात गाडी कंच्या गियरमधी उतरवायची त्ये वरच ठरवायचं असतं! खाली येऊन ठरवायला लागलो, तर आपलं काय करायचं त्ये बाकीचे ठरवतात!"

"हे बाजूने धरू की विरोधात?"

"बाजूनं! बाजूनं!"

"ठरावाच्या बाजूने चार," गुरुजींनी खणखणीत आवाजात जाहीर केलं. "विरोधात?"

धडाम्!

आम्ही एकमेकांच्या अंगावरून उठलो. गुरुजींनी टोपी शोधली, झटकली, डोक्यावर ठेवली आणि सभा पूर्ण केली. "विरोधात एक. धक्का."

* * *

मोरेंचा मात्र ब्रेकवरचा विश्वास ढळला नव्हता. एका रविवारी ते भंगारातला ब्रेक ड्रम घेऊन आले. बसच्या चाकातला, चांगला जडशीळ. त्याला लांब दोर, आणि दोराचं दुसरं टोक होडीच्या मागच्या दांड्याला. काठ जवळ आला की ड्रम पाण्यात टाकायचा, तो चिखलात रुतेल, दोर ताणला जाईल, होडी थांबेल. मी विचार करून पाहिला. थिअरीत काही चूक दिसेना. मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

परत येताना धक्क्याअलीकडे मोरेंनी ड्रम टाकला. दोर सरसरत गेला, संपला, ताणला. होडी थांबली.

आम्ही थांबलो नाही!

डॉक्टर पाण्यात, मी गुरुजींवर, गुरुजी डोलकाठीवर. मागे दांड्याला मिठी मारून बसलेले मोरे तेवढे जागच्या जागी होते. त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता. "सर! लागला! ब्रेक लागला!"

लागला तो सुटेना. ड्रम चिखलात असा रुतला की चौघांनी ओढूनही हलेना. दोर कापावा तर सुरी नाही. काठ हाकेवर, आणि बैलजोडी खुंटीला बांधल्यासारखी पाण्यात गोल गोल फिरतेय.

काशीबाय धक्क्याच्या टोकाशी येऊन कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली.

"दावनीला बांधलीच हायत," ती म्हणाली, "तर चारा पन घाला!"

त्या दिवसापासून होडीत लोखंड आणायला बंदी झाली.

* * *

आता डॉक्टरांच्या गाठीबद्दल सांगायला हवं.

डॉक्टरांना कशाचा अभिमान असेल तर आपल्या हाताचा. "माझा टाका कधी सुटत नाही," असं ते म्हणत, आणि ते खरं होतं. काशीबायच्या तळहातावर कोयती लागली तेव्हा त्यांनीच टाके घातले होते. ती गिऱ्हाइकांना तळवा उघडून दाखवायची, "बघा, रेघ तरी दिसते का!" दासगावच्या आसपास दुसरा डॉक्टर नव्हता. पण ती त्यांना तोंडावर कधी चांगलं बोलली असेल तर मी ऐकलेलं नाही.

तर मी सुचवलं की जोराच्या वाऱ्यात शीडच लहान करावं. महाडच्या एका शिंप्याने शिडाच्या खालच्या भागावर ओळीने नाड्या शिवून दिल्या. खालचा भाग गुंडाळायचा, नाड्यांनी बांधून टाकायचा. शीड लहान, ओढ कमी, काठाला येताना जीव मुठीत नाही. वारा पडला की नाड्या सोडायच्या, शीड पुन्हा मोठं.

सकाळी वारा भणाणत होता. डॉक्टरांनी एकेक नाडी स्वतःच्या हाताने बांधली. दुपारी वारा अगदी पडला. चिमुकल्या शिडाने होडी हलेना, म्हणून नाड्या सोडायला गेलो. पाण्याने गाठी आवळून दगड झालेल्या! नखं लावली, दात लावले. मोरेंचा एक दात तेव्हापासून हलायला लागला तो शेवटपर्यंत.

भरतीने आम्हाला धक्क्यासमोरून नेलं. पहिल्यांदाच आम्ही धक्क्याला अजिबात न आपटता त्याच्याजवळून जात होतो, थांबता मात्र येत नव्हतं. पलीकडच्या अंगाला, सवच्या काठाला जाऊन अडकलो. ओलेचिंब आणि गारठलेले. मग सवच्या उन्हाळ्यात, त्या गंधकाच्या गरम पाण्याच्या कुंडात, चौघांनी अंग शेकलं आणि तरीत, म्हणजे पैलतीराला नेणाऱ्या होडीत बसून परत आलो.

तरीत डॉक्टर मला हळूच म्हणाले, "पण टाका सुटला नाही, पाहिलंत ना?"

तेवढ्यात सवला मासळी विकून परतणाऱ्या, समोर बसलेल्या काशीबायने पदर नाकाला लावला. "मासळी इकनारी मी," ती म्हणाली, "आनि वास तुमचा!"

* * *

हसण्यावारी नेण्याचे दिवस संपले ते धक्क्याची पायरी निखळली तेव्हा. आमच्याच धडकेने. सरपंचांनी आम्हाला बोलावून घेतलं. धक्क्यावरच बैठक बसली.

त्याच आठवड्यात डॉक्टरांचा मुलगा मुंबईहून येऊन गेला होता. दवाखाना बंद करा आणि तिकडे चला, असा त्याचा हट्ट. डॉक्टर त्याला म्हणाले होते, "रविवारी होडी असते." मुलाने विचारलं, "आणि होडी नसती तर?" डॉक्टर खोटं बोलणारे नव्हते. "तर आलो असतो," म्हणाले. हे त्यांनी आम्हाला धक्क्यावर बसल्या बसल्या सांगितलं, सरपंच यायच्या आधी. धक्का गेला तर होडी गेली, आणि होडी गेली तर डॉक्टर गेले, इतकं ते सरळ होतं. काशीबाय पलीकडे पाट्या धूत होती. तिने ऐकलं की नाही, सांगता येत नाही.

सरपंच भला माणूस, पण तोही टेकीला आला होता. "आता पुन्हा धक्क्याला ठोकलंत तर होडी बंद. दासगावात लावायची नाही."

गुरुजी म्हणाले, "सरपंच, पाण्यावरचा हक्क कसा सांगायचा, याचा महाडात आम्हाला थोडा अनुभव आहे."

सगळे हसले, सरपंचही. पण तो म्हणाला, "गुरुजी, हक्काला कोण नाय म्हणतंय? पायरीचं काय?"

यावर गप्प बसावं की नाही? पण मला राहवेना. मी विचारलं, "ठोकणे म्हणजे नेमकं काय? काठाला लागताना प्रत्येकच होडी थोडी टेकते. किती वेगाने टेकली म्हणजे ठोकली म्हणायचं? हे आधी ठरायला हवं."

त्यावर वाद सुरू झाला. कुणी म्हणे आवाज आला तर ठोकली. कुणी म्हणे माणूस पडला तर. मोरे म्हणाले, "माणूस तर धक्का लांब असतानाच पडतो!" दिवस कलायला आला.

शेवटी काशीबाय उठली. तिच्याशेजारी तिचं पाण्याचं मडकं होतं. ते उचलून तिने धक्क्याच्या टोकाशी, अगदी कडेला ठेवलं.

"लागलं का ठोकलं, त्ये मला नको. येत्या रविवारी ह्ये मडकं हितं ऱ्हाईल. फुटलं तर तुमची बैलजोडी बंद. नाय फुटलं तर चालू. झालं?"

गुरुजींनी ठराव मांडला. एकमताने मंजूर.

* * *

तो रविवार.

सकाळी निघताना पाहिलं, मडकं जागेवर होतं, काठोकाठ भरलेलं. काशीबाय शेजारी राखण बसलेली. रेतीच्या होडीवरचा एक तहानलेला गडी ओंजळ करून वाकला तशी ती कडाडली, "हात नको लावू! त्ये प्यायचं पानी नाय!"

गुरुजी थांबले. "मडक्याला हात लावू नको, हे वाक्य आमच्या कानांना जरा ओळखीचं आहे, काशीबाय."

"तुमी नको, सरपंच नको, माजा घोव आला तरी नको," काशीबाय म्हणाली. "आज हात लावील त्येची खैर नाय."

"मग हरकत नाही," गुरुजी म्हणाले आणि होडीत चढले.

आम्ही तयारीने निघालो होतो. पाण्यावर चर्चा नको म्हणून ठराव जमिनीवरच करून घेतला होता. काठावरचं वाकडं करंजाचं झाड आलं की शीड खाली. मी आणि गुरुजींनी आधी जाऊन जागा हेरली होती. सुकाणू मोरेंकडे, शिडाची दोरी माझ्याकडे, आणि शीड चढवायचं-उतरवायचं काम डॉक्टरांकडे. त्यांनी शीड वर चढवलं, ते वर धरून ठेवणारा दोर खाली डोलकाठीला बांधला, ओढून पाहिला, पुन्हा बांधला.

दुपारी परत फिरलो. भरती, आणि पाठीशी वारा. असा वारा वर्षभरात लागला नव्हता. लांबूनच धक्का काळा दिसत होता, इतकी माणसं. वळणावर करंज आलं.

"डॉक्टर, झाड!" मी ओरडलो.

डॉक्टर डोलकाठीपाशी वाकले होते. वाकलेलेच राहिले.

"डॉक्टर!"

त्यांनी मान वर केली. त्यांचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. "सुटत नाहीये," ते म्हणाले.

त्यांचाच टाका होता.

करंज मागे गेलं. गुरुजी धावले आणि दोघं मिळून गाठीशी झोंबू लागले. "मोरे, सुरी! काहीतरी!"

"लोखंड आनायचं नाय असा ठराव केलाव ना तुमीच!"

मी माझी दोरी सोडून दिली. काही उपयोग नाही हे मला माहीत होतं, फळ्यावर मीच काढून दाखवलं होतं. तरी सोडली. शीड तारेवर रेललं आणि आणखी फुगलं. मोरेंनी सुकाणू पोटाशी ओढलं. होडीने वळायचा विचार केला आणि सोडून दिला. रेतीची पहिली होडी गेली, दुसरी गेली. धक्क्यावर कुणी ओरडत नव्हतं. एरवी बैलं सुटली म्हणून हाक देणारी काशीबायही गप्प. ती मडक्याशेजारी बसून सरळ आमच्याकडे बघत होती.

डॉक्टरांनी गाठ सोडून दिली आणि फळीवर बसले. "संपलं," म्हणाले. कुणाला उद्देशून नव्हतं.

मडक्यावरची ओल दिसेल इतक्या जवळ आलो होतो. तेव्हा काशीबाय उठली. घाई नाही, काही नाही. दोन्ही हातांनी मडकं उचललं, दोन पावलं मागे सरली, मान मागे टाकली आणि घटाघटा पाणी प्यायला लागली.

बैलजोडीची डावी बाजू धक्क्यावर चढली. बरोबर तिथेच, मडक्याच्या ओल्या वर्तुळावर! नव्याने बसवलेली पायरी पुन्हा निखळली. मोरे काठावर, गुरुजी पाण्यात, माझा चष्मा कुठे गेला तो गेलाच. डॉक्टर फळीवर बसल्या जागी.

काशीबाय अजून पीत होती. पाणी हनुवटीवरून ओघळत होतं, लुगडं भिजत होतं, तरी थांबेना. मग तिने मडकं खाली घेतलं, पदराने तोंड पुसलं, जागा पाहिली. होडी बसली होती, म्हणून जरा शेजारी, तसंच कडेला, नीट ठेवलं.

सरपंच पुढे आला. त्याने मडक्याकडे पाहिलं, पायरीकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं.

"काशीबाय," तो म्हणाला, "मडकं का उचललंस गो?"

"तहान लागली व्हती."